घड्याळ आणि काटा

अकोला आणि अमरावती हे वऱ्हाडातील कापसाचे जिल्हे. येथे सर्वांचे काम एकाच मापाने मोजत नाहीत.

तहसील कचेरीतील कारकुनाला महिन्याचा पगार असतो. २०२० पासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा आहे. सुट्टीच्या दिवसाचाही पगार मिळतो.

जिनिंग कारखान्यात कापसातून सरकी वेगळी करतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने मजुरांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. जादा कामाला दुप्पट मजुरी ठरली.

कापूस वेचणाऱ्या बाईचे काम घड्याळ मोजत नाही. ती पहाटे भाकरी बांधून निघते. सायंकाळी तिचा कापूस काट्यावर चढतो. जितके किलो, तितकी मजुरी. शेवटच्या वेचणीत बोंडे विरळ असतात. तेव्हा श्रम तेवढेच, पैसे मात्र कमी. पाऊस आला तर तेही नाहीत.

१९४८ सालीच किमान वेतनाचा कायदा झाला. त्यात शेतमजूरही होते. पण काट्यावरचा आकडा वाचता आला, तरच हक्काची मजुरी मागता येते. मुलांनो, तुमच्या घरी कोणी मजुरीला जात असेल, तर त्यांचा रोजचा हिशेब वहीत लिहून द्या.

शब्दार्थ : सरकी – कापसाचे बी, काटा – वजन करण्याचे साधन, विरळ – थोडी, दूर दूर असलेली.

स्वाध्याय
१. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी कशावर ठरते?
२. कारकून व मजूर यांच्या कामात कोणता फरक आहे?