पंख्याची तिसरी तार

आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत भिंतीलगत एक जुना संगणक आहे. ग्रंथालयांतील पुस्तकांची सर्व यादी त्यावर असल्यामुळें त्याच्यावांचून ग्रंथालयाचें पान हालत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत तो भर दुपारीं एकाएकीं बंद पडूं लागला. दोन वेळां नोंदी लिहितां लिहितां पडदा काळा झाला व तासाभराचे श्रम वायां गेले. पेटी उघडून पाहतां असें दिसलें कीं, प्रोसेसरवरील मूळचा पंखा घरघर करीत मधूनच थांबतो, आणि त्याखालील ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत धुळीचा थर बसला आहे. धूळ झाडून पाहिली, परंतु पंख्याचें बेअरिंगच झिजलेलें होतें. तेव्हां शिक्षकांच्या अनुमतीनें आम्ही पट्ट्या व पंखा मिळून होणारा तो सबंध कूलरच बदलण्याचें ठरविलें. या कामीं आमच्या हातून एक मोठी चूक होतां होतां टळली. ती इतरांच्या हातून होऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम या साधनाचें प्रयोजन पाहूं. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णतारूपानें बाहेर पडते. आमच्या प्रोसेसरसाठीं दिलेला आंकडा ६५ वॅटचा आहे. जुन्या तऱ्हेच्या ६० वॅटच्या पेटत्या दिव्यास हात लावणें कसें अशक्य असे, हें आठवलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळेल. ही उष्णता धातूच्या ठोकळ्यांतून पट्ट्यांत, व पट्ट्यांतून पंख्याच्या वाऱ्यांत जाते. या मार्गांत खंड पडला म्हणजे प्रोसेसर स्वतःच्या रक्षणार्थ आपली गति कमी करतो. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर संगणक बंद पडतो. आमच्या यंत्राची दुपारची मूर्च्छा ती हीच.

नवा कूलर घेतांना पहिला प्रश्न मापाचा. मदरबोर्डावर प्रोसेसरच्या खोबणीभोंवतीं चार छिद्रें असतात. इंटेलच्या एल.जी.ए. ११५५ या जातींत लगतच्या दोन छिद्रांमधील अंतर ७५ मिलिमीटर आहे. २०२१ सालीं आलेल्या एल.जी.ए. १७०० मध्यें तेंच ७८ मिलिमीटर झालें. तीन मिलिमीटरांचा फरक सहज डोळ्यांत भरत नाहीं, परंतु तेवढ्यानें कूलर बसत नाहीं. दुसरें माप उंचीचें. पेटीचें झांकण लागलें पाहिजे.

काढण्याचें काम धीराचें आहे. विजेची तार अगोदर काढावी, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी, व पंख्याचा कनेक्टर सोडवावा. इंटेलच्या मूळच्या कूलरचे चार खुंटे बाणाच्या दिशेनें पाव फेरा फिरवून वर ओढले कीं तो सुटतो. वाळलेल्या पेस्टनें चिकटला असल्यास ओढाताण न करतां डावीउजवीकडे अलगद पिळावा. एएमडीच्या ए.एम. ४ या जातींत ही काळजी दुप्पट घ्यावी. कारण तेथें पिना प्रोसेसरच्या अंगास असतात, आणि ओढल्यास तो कूलरबरोबर खोबणींतून उपटून येऊं शकतो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून नवी मध्यभागीं तुरीच्या डाळीएवढीच ठेवावी. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीहि गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म खांचा राहतात व त्यांत हवा कोंडते. तांबें हवेपेक्षां सुमारें पंधरा हजार पट अधिक उष्णतावाहक आहे, यावरून त्या हवेचा अडथळा केवढा हें दिसेल. पेस्ट ही हवेहून पुष्कळ बरी, परंतु तांब्याहून पुष्कळच मंद. म्हणून ती खांचा बुजण्यापुरती असावी. लिंपण करूं नये. पुढें नव्या कूलरचे खुंटे कर्णरेषेनें समोरासमोरचे असे दाबावे, म्हणजे भार सारखा पडतो.

येथवर सर्व यथास्थित झालें. अडचण आली ती शेवटच्या कनेक्टराशीं. मदरबोर्डावर पिना चार, आणि आमच्या नव्या पंख्याच्या कनेक्टरास छिद्रें तीन! हें जुळणार नाहीं असें गृहीत धरून आम्ही बाजारांतून एक जोडतार आणिली व पंखा परस्पर वीज पुरविणाऱ्या डब्यास जोडला. पंखा झपाट्यानें फिरूं लागला. आम्हांस धन्यता वाटली. परंतु संगणक सुरू होतांच पडद्यावर इशारा आला कीं, प्रोसेसरचा पंखा चालत नाहीं.

पंखा तर समोर फिरत होता. आमच्यापैकीं एकानें शोधून काढलें कीं, बायॉसमध्यें हा इशारा बंद करण्याची सोय आहे. एक कळ दाबली असती तर तक्रार कायमची मिटली असती. इतक्यांत शिक्षक आले. सर्व ऐकून घेऊन त्यांनीं एवढेंच विचारलें, "पंखा फिरतो हें आतां तुम्हांस दिसतें. झांकण लावल्यावर तें कोणास दिसणार?"

या प्रश्नाचें उत्तर पंख्याच्या तिसऱ्या तारेंत आहे. पहिली तार भूमीची, दुसरी १२ व्होल्टची. या दोहोंनीं पंखा फिरतो. तिसरी तार पंख्याकडून मदरबोर्डाकडे निरोप नेते. पातीं एकदां पुरीं फिरलीं कीं सामान्यतः तिच्यांतून दोन स्पंद जातात. सेकंदास ६० स्पंद आले तर सेकंदास ३० फेरे, म्हणजे मिनिटास १८०० फेरे, हा हिशेब मदरबोर्ड सतत करीत असतो. आमच्या जोडतारेंत पहिल्या दोनच तारा होत्या. निरोप्याला आम्ही दाराबाहेर ठेविलें होतें, आणि वर निरोप विचारणाऱ्याचें तोंड बंद करावयास निघालों होतों. पुन्हां बेअरिंग झिजून पंखा थांबला असता तर आम्हांस तें पुन्हां काळ्या पडद्यावरूनच कळलें असतें.

चौथी तार आज्ञेची. तिच्यावाटे मदरबोर्ड सेकंदास सुमारें २५,००० वेळां चालू-बंद होणारी खूण पाठवून पंख्याची गति कमीअधिक करतो. चार तारांची ही रचना करणारांनीं पहिल्या तिन्ही तारांचा क्रम जुनाच ठेविला, ही त्यांची दूरदृष्टि. त्यामुळें तीन छिद्रांचा कनेक्टर चार पिनांवर बसतो. मदरबोर्डावरील उभी पट्टी तो चुकीच्या जागीं बसूं देत नाहीं. आज्ञेची पिन मोकळी राहते व पंखा पूर्ण वेगानें फिरतो. मात्र मदरबोर्ड व्होल्ट कमी करून वेग आवरणारा असल्यास तोहि आवरतां येतो. उलटपक्षीं चार तारांचा पंखा तीन पिनांवर बसविला तर तोहि फिरतो व आपला वेग कळवितो; फक्त आज्ञा त्यास पोंचत नाहीं.

येथें दोन सूचना अवश्य आहेत. तारांच्या रंगांवर विश्वासूं नये. तीन तारांच्या कित्येक पंख्यांत पिवळी तार निरोपाची असते, तर चार तारांच्या पुष्कळ पंख्यांत तीच पिवळी १२ व्होल्टची असते. दुसरें, कांहीं तयार संचांत पांच पिनांचे अथवा क्रम बदललेले कनेक्टर आढळतात. तेथें "बसलें म्हणजे जुळलें" असें मानूं नये. मदरबोर्डाची पुस्तिका पाहिल्यावांचून जोडणी करूं नये.

आम्ही जोडतार काढून टाकिली व कनेक्टर मदरबोर्डावर बसविला. इशारा नाहींसा झाला. पंखा मोठ्यानें गरजत होता. बायॉसमध्यें व्होल्टद्वारां वेग आवरण्याची सोय निघाली, ती लावतांच तो शांत झाला. तेव्हांपासून यंत्र दुपारीं एकदांहि बंद पडलेलें नाहीं. बायॉसच्या पडद्यावर पंख्याच्या फेऱ्यांचा आंकडा दिसतो. दर सोमवारीं ग्रंथालयाच्या नोंदी सुरू करण्यापूर्वीं आम्ही तो एका वहींत टिपून ठेवितों. आंकडा उतरूं लागेल त्या आठवड्यांत आम्ही पेटी उघडूं. पडदा काळा होण्याची वाट पाहणार नाहीं.