रजा आणि खाडा

प्रश्न : बदनापूरजवळच्या एका बियाणे प्रक्रिया केंद्रात मी चार वर्षांपासून रोजंदारीवर आहे. वर्षाला दोनशे दिवस हजेरी भरते. मृगात पेरणीसाठी चार दिवस मागितले, तर सुपरवायझर म्हणाले, "पगारी रजा कायम कामगारांना. तुझा खाडा लागेल." हे बरोबर आहे का? – एक कामगार

उत्तर : बरोबर नाही. पगारी रजेसाठी कायद्याने कायम आणि रोजंदारी असा भेद केलेला नाही. तो पाहतो ते फक्त भरलेले दिवस. कारखाने अधिनियम, 1948 प्रमाणे वर्षात 240 दिवस भरावे लागत, आणि हंगामी कामगार नेमका तिथेच अडकायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही अट 180 दिवसांवर आली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दर 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. तुमचे 200 दिवस भरले की 10 दिवसांची रजा तुमची झाली. रजेच्या मध्ये रविवार आला तर तो त्यात मोजायचा नाही.

आता मृगाचे. मे-जूनमध्ये बियाण्याच्या गाड्या भरायची घाई असते, तेव्हा मालक रजा नाकारतील हे मला ठाऊक आहे. म्हणून तोंडी मागू नका. कागदावर अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिल्लक रजा पुढच्या वर्षात नेण्याची मर्यादा एरवी 30 दिवसांची आहे. पण अर्ज करूनही नाकारलेली रजा पुढे नेण्याला मर्यादाच नाही. खाडा म्हणजे बुडालेला रोज. रजा तुम्ही घाम गाळून कमावलेली असते. हजेरीपटावर या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात गेल्या की नुकसान तुमचेच, तेव्हा स्वतःच्या वहीत रोजची हजेरी लिहून ठेवा.

प्रश्न : मी ठेकेदाराकडून पॅकिंगला जाते. बाळंतपणाला थांबले तर दिवस तुटतील, मग रजा मिळणार नाही, असं मुकादम सांगतात. – एक भगिनी

उत्तर : ताई, दिवस तुटत नाहीत. प्रसूती रजेचा काळ 180 दिवसांच्या हिशेबात धरला जातो. शिवाय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झाले असेल, तर पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा तुमचा हक्क आहे. ठेक्यावर असल्याने तो जात नाही. ठेकेदाराने मजुरी थकवली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

प्रश्न : हंगामात रविवारीही बोलावतात. बदली सुट्टी मागितली की टाळाटाळ. – एक वाचक

उत्तर : आठवड्यात सहा दिवसांपेक्षा अधिक काम नाही, हा नियम आजही आहे. बुडालेल्या सुट्टीची बदली त्याच महिन्यात, नाहीतर पुढच्या दोन महिन्यांच्या आत मिळाली पाहिजे. ही रविवारची सुट्टी आपल्याला सहज मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून ती मागितली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. रविवारी न कुरकुरता कामाला जाणाऱ्या माझ्या बांधवांनी हे विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : नोकरी सोडली. शिल्लक रजेचे पैसे "पुढच्या महिन्यात या" म्हणतात. – एक माजी कामगार

उत्तर : पुढचा महिना कशाला? नोकरी सोडल्यापासून दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत ते पैसे द्यायचे असतात. कामगाराचा मृत्यू झाला असेल तर वारसांना दोन महिन्यांत. लेखी मागणी करा. उत्तर आले नाही, तर हजेरीची वही आणि अर्जाची पोच घेऊन जालन्याला सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे जा.