टायमिंग बेल्टचा ताण

पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला तर दळण खोळंबते, इतकेच. १९८२ ते १९९१ या काळात जर्मनीत तयार झालेल्या पोर्शे ९४४ या स्पोर्ट्‌स कारचे तसे नाही. तिच्या एंजिनातील सैल बेल्टने दाते सोडले, तर उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो व वाकतो. दुरुस्तीचा खर्च बेल्टच्या किमतीच्या कित्येक पट होतो.

ताण मोजताना एंजिन पूर्ण थंड असावे, ही पहिली अट होय. ॲल्युमिनियमचे एंजिन तापले म्हणजे प्रसरण पावते, क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांमधील अंतर वाढते आणि बेल्ट आपोआप ताठ होतो. गरम एंजिनावर योग्य भासलेला बेल्ट थंडीत सैल निघतो, तो यामुळेच.

बेल्ट बोटांनी पाव फेरा पिळून पाहण्याची मिस्त्रींची रीत सर्वत्र आढळते. अनुभवी हाताला ती साधतही असेल. परंतु बोटांचे बळ माणसागणिक निराळे. पोर्शेने याकरिता स्वतंत्र मापक दिला आहे. क्रँकशाफ्ट नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळल्याची खात्री करावी आणि मगच तो लावावा.

सैलपणाच्या भीतीने बेल्ट अधिक ताणणेही घातकच. मग एंजिन चालताना बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो. पाण्याचा पंप याच बेल्टवर चालत असल्याने त्याचे बेअरिंग झिजते आणि पंप अडकल्यास बेल्टही जातो. नवा बेल्ट सुरुवातीस थोडा सैलावतो. म्हणून सुमारे ३,००० किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासावा.