लेखकाची टिपणवही : हेन्री जेम्स यांच्या काही नोंदी

निर्मितिप्रक्रियेच्या अभ्यासात लेखकाच्या रोजनिशीचा विचार होतो, टिपणवहीचा मात्र क्वचितच. 'रोजनिशी' या शब्दाला मराठीत पेशवे दफ्तराचा वास आहे. ती रोज लिहिली गेली पाहिजे, ही अपेक्षा कदाचित तेथूनच आली असावी. हेन्री जेम्स यांच्या वह्या (संपादन : मॅथिसन व मर्डॉक, १९४७) रोज लिहिलेल्या नाहीत. त्यांत दिवसापेक्षा कथाबीजाची नोंद अधिक आहे.

२४ डिसेंबर १८९३ ची नोंद या दृष्टीने उद्बोधक आहे. मेजवानीत कानी पडलेली हकीकत अशी : पित्याच्या मृत्यूनंतर मौल्यवान वस्तूंनी भरलेले घर मुलाकडे जाते, आई त्यांतील काही वस्तू घेऊन जाते आणि मायलेकांत तंटा जुंपतो. 'द स्पॉइल्स ऑफ पॉइन्टन' (१८९७) या कादंबरीचे हे मूळ. पुढे प्रस्तावनेत जेम्स सांगतात, की बीज हाती येताच उरलेली हकीकत त्यांना नकोशी झाली. वही निराळी साक्ष देते. तेथे तंट्यासह सारे टिपलेले आहे. निवड नंतर झाली. १८९५ मध्ये ते या नोंदीकडे पुन्हा वळले. कादंबरीचे केंद्र ठरलेली फ्लीडा व्हेच ऐकीव हकिकतीतून आलेली नाही, या पुनर्विचारातून घडली आहे. प्रस्तावनेपेक्षा वही अधिक विश्वसनीय मानावी लागते ती यामुळेच.

१२ जानेवारी १८९५ रोजी कँटरबरीच्या आर्चबिशपांकडून ऐकलेली भूतकथा नोंदली गेली : मृत, दुराचारी नोकर मुलांना झपाटतात. नोंदीच्या शेवटी, ही कथा बाहेरच्या निरीक्षकाने सांगावी, असेही टिपण आहे. 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) मधील गव्हर्नेस या निवेदिकेची पूर्वखूण येथे दिसते. काय घडले यासोबत ते कोणाच्या नजरेतून दिसावे, हेही त्याच बैठकीत लिहून ठेवणे, हा या वहीचा सर्वांत अनुकरणीय विशेष होय. नवोदित लेखकाची वही बहुधा पहिल्या निम्म्यावरच थांबते.

तारीख, हकिकतीचा उगम, संभाव्य निवेदक आणि पुनर्विचारासाठी मोकळी जागा, एवढी शिस्त पुरेशी ठरते. 'द अँबॅसडर्स'चे बीज ऑक्टोबर १८९५ मधले, कादंबरी १९०३ ची. नोंद तारखेसह जपली गेली म्हणूनच हे अंतर आज मोजता येते. याच वह्यांत पात्रांसाठी जमवलेल्या आडनावांच्या याद्याही आहेत. त्यांतील काही कथांत आली, बरीचशी यादीतच राहिली.