स्वमग्न मूल अभ्यासात मागे का पडते?

स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेले मूल अभ्यासात मागे पडले की 'ते तसेच आहे' म्हणून सोडून दिले जाते. हे योग्य नव्हे. अशा मुलास अध्ययन अक्षमता किंवा अवधानाची कमतरता, म्हणजे एडीएचडी, हेही असू शकते. २०१३ पूर्वी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमांनुसार स्वमग्नता व एडीएचडी ही निदाने एकत्र करता येत नसत. त्यामुळे जुन्या कागदांवर एकच आढळेल.

अध्ययन अक्षमतेत अडचण ठराविक कौशल्याची असते. मन लावून बसले तरी जोडाक्षरे वाचता येत नाहीत. तोच धडा वाचून दाखविल्यास समजतो. अवधान कमी असेल तर वाचता येते, पण ओळी गळतात. आज सुटलेले गणित उद्या चुकते. डबा, पट्टी हरवते. घरचे कामही अर्धवट राहते. आवडीच्या विषयात तासभर रमते, एवढ्यावरून अवधान चांगले समजू नये.

कधी गोंगाट सहन होत नाही किंवा सूचनाच कळत नाही. शांत जागी एका वेळी एकच सूचना देऊन पाहावी.

प्रथम डोळे व कान तपासावेत. ताथवडे परिसरात अनेक मुलांची घरची भाषा एक, शाळेची दुसरी असते. तेही डॉक्टरांना सांगावे. मग बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करावी.

औषधाने अवधान सुधारू शकते; वाचन मात्र शिकवावेच लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. निदानापूर्वी मुलास आळशी ठरवू नये.