नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. ‘सगळीकडे तुझ्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय, मृत्युपत्र कशाला?’ म्हणतात. विषय काढला की आई ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून गप्प करते. काय करावं?

उत्तर : बँकेतल्या ठेवींचा नॉमिनी पैसे फक्त ताब्यात घेतो, मालकी वारसांची, किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव त्याची. (विम्याचे नियम जरा वेगळे.) ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या गुंतवणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा डिसेंबर २०२३मध्ये न्यायालयाने शेअर्सबाबतही हेच सांगितलं.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर वडिलांची आणि दोन साक्षीदारांची सही पुरते. साक्षीदार वडिलांहून तरुण असावेत, लाभार्थी नसावेत. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ त्यांच्यावरच येते. वडिलांची मनःस्थिती ठीक असल्याचं, त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आईचा धसका खरा आहे. म्हणून सुरुवात कागदांपासून करावी. एफडीच्या पावत्या, लॉकरची किल्ली, सातबारा कुठे आहे, एवढंच विचारावं. अनेक घरांत हे एकालाच ठाऊक असतं. तो गेला की रडायचं सोडून कपाटं उपसावी लागतात.

आणि भावाला या बोलण्यातून वगळू नये. संशय तिथूनच सुरू होतो.