फॉरमॅट मारू देऊ नका, आधी नोंदी वाचा

‘लिनक्स काढा, विंडोज टाका. फॉरमॅट मारून देतो, सगळं नीट होईल.’ घरचा सर्व्हर जोडून देणाऱ्या दुकानदाराचं हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. बिघाड लिनक्सचा नव्हताच, त्यानेच लावलेल्या एका साटा केबलचा होता. तेसुद्धा मी पुराव्यानिशी त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवलं, तेव्हा ‘होतं कधी कधी’ एवढंच बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

लक्षणं सांगतो, कारण हीच लक्षणं घेऊन हिंडणारे बरेच असतील. सर्व्हर पिंगला उत्तर द्यायचा, पण एसएसएचने आत शिरायला गेलं की नुसता कर्सर लुकलुकायचा. कधी आत शिरता आलंच, तर लोड 20च्या वर आणि सीपीयू जवळजवळ रिकामा. बंद करायला सांगितलं की पडद्यावर ‘स्टॉप जॉब’ची ओळ यायची, तिच्यापुढे दीड मिनिटाचं घड्याळ. ते संपलं की दुसरी ओळ. शेवटी डिस्क अनमाउंट होताना सगळं ठप्प. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, आणि यूपीएसवर हातात थोडीच मिनिटं असतात. तेवढ्यात मशीन बंद झालं नाही, तर डिस्कवर लिहिणं चालू असतानाच वीज तुटते. घरातले सगळे फोटो त्या डिस्कवर होते.

दुकानदाराने आधी एसएमपीएस बदलायला लावला, मग रॅम. दोन्हींचे पैसे रोख घेतले. डिस्कची स्मार्ट चाचणी ‘पास’ दाखवून म्हणाला, ‘हार्डवेअर ठणठणीत आहे, तुमच्या सॉफ्टवेअरचं तुम्ही बघा.’ मी लॉग दाखवायला लॅपटॉप उघडला, तर त्याने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण हे न पाहणं जास्त लागलं.

त्या लॉगमध्ये सगळं लिहिलेलं होतं. माझी सिस्टिम वेगळ्या एसएसडीवर आहे, म्हणून डेटाची डिस्क अडकली तरी नोंदी लिहिल्या जात होत्या. जर्नलसीटीएलला मागच्या बूटच्या कर्नल नोंदी मागितल्या आणि ओळींमागून ओळी आल्या : एकाच साटा पोर्टवर वाचनाची आज्ञा फसली, लिंक हार्ड रीसेट, पुन्हा आज्ञा, पुन्हा रीसेट. मग लिंकचा वेग 6 वरून 3 जीबीपीएसवर उतरवल्याची नोंद. त्याखाली, अमुक प्रोसेस 120 सेकंदांहून जास्त काळ अडकली आहे. एका आज्ञेसाठी कर्नल साधारण 30 सेकंद वाट पाहतो आणि मग सगळं पुन्हा करून बघतो. तोवर त्या डिस्ककडून काही मागणारी प्रत्येक प्रोसेस ‘डी’ अवस्थेत गोठलेली असते. लोडच्या आकड्यात लिनक्स या गोठलेल्या प्रोसेसही मोजतो, म्हणून तो चढतो आणि सीपीयू रिकामा राहतो. चालू असताना होणारं हँग आणि बंद होताना होणारं हँग, दोन्हींचं मूळ तिथे एकत्र सापडलं.

मग स्मार्टचा पूर्ण तक्ता काढला. 199 क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे सीआरसी त्रुटींच्या ओळीत, आकडा वाढत होता. हा आकडा डिस्कच्या तबकडीबद्दल बोलत नाही, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेबद्दल बोलतो. ‘पास’चा शिक्का या ओळीबद्दल काहीच सांगत नाही. दोन डिस्कच्या केबली आपसांत बदलल्या, पोर्ट तेच ठेवले. दुसऱ्या दिवशी पहिल्या डिस्कचा आकडा स्थिर, आणि आजवर स्वच्छ असलेल्या दुसरीचा वाढलेला. दोष केबलीबरोबर चालत गेला होता. त्या क्षणी मला आनंद झाला नाही, संताप आला. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूपायी माझा डेटा पुसायला तो माणूस निघाला होता.

आता हे लक्षात ठेवा.

नोंदी रीबूटनंतर टिकतात का, हे आजच बघा. टिकत नसतील तर जर्नलची साठवण ‘परसिस्टंट’ करा. नाहीतर बटण दाबून मशीन बंद केलं की पुरावाही गेला.

स्मार्टमध्ये 5, 197 आणि 199 या तीन ओळी वहीत लिहून ठेवा. 5 आणि 197 वाढले तर डिस्क जातेय, 199 वाढला तर आधी केबल बदला. 199 कधी शून्यावर परत येत नाही, त्यामुळे आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, हे पाहायचं. केबल खटका असलेली घ्या, तीव्र कोनात मुडपू नका.

‘डी’ अवस्थेतल्या प्रोसेसवर ‘किल मायनस नाइन’ चालत नाही. उगाच वेळ घालवू नका.

दीड मिनिटाची मुदत दहा सेकंदांवर आणा, असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. कर्नलमध्ये अडकलेली प्रोसेस त्याने सुटत नाही, उलट डेटाबेसला नीट बंद व्हायला लागणारा वेळ तेवढा कापला जातो.

मशीन बंद होतच नसेल, तर वीज तोडण्याआधी कीबोर्ड जोडा. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरा आणि थोडं थांबत थांबत एस, यू, बी दाबा : लिहायचं राहिलेलं डिस्कवर, मग डिस्क फक्त वाचण्यापुरत्या, मग रीबूट. डेबियन आणि उबुंटूवर ही तीन अक्षरं मुळातच चालू असतात. बिघडलेल्या डिस्कचं सांगता येत नाही, पण बाकीच्या वाचतात.

डेटाच्या डिस्कला एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ लिहा, म्हणजे ती सापडली नाही तरी मशीन सुरू होईल.

बॅकअप घ्या, दुसऱ्या जागी ठेवा. बिल जपून ठेवा.

आणि दुकानात मशीन दिलंच, तर बिलावर लिहून घ्या : ‘विचारल्याशिवाय डेटा पुसणार नाही.’ जो हे लिहून द्यायला तयार नाही, त्याच्या हातात मशीन देऊ नका. लॉग बघायलाच जो नकार देतो, त्याचं निदान ऐकून पैसे मोजू नका. मी मोजले. एसएमपीएस आणि रॅमचे ते पैसे मला अजून परत मिळालेले नाहीत.